वीतभर पंख

वेर्ण्याच्या शेडमध्ये दुपारी पत्रा तापतो
आणि बनियनवर बसलेला कायतान मेस्त
एका विमानाचा डावा पंख घासतो.
पंख वीतभर.
पोलाद असं, की थंडीत ठिसूळ होत नाही.
विमान अजून कुठंच नाही.
त्याच्या आधी हा एवढासा पंख जाणार
समुद्रापलीकडच्या एका बोगद्यात,
जिथं वारा उणे एकशे साठ अंशांवर वाहतो.

मी मोजणारी.
माझ्याकडे हिऱ्याच्या टोकाची सुई आहे.
ती गुळगुळीत पोलादावरून चालते
आणि कागदावर डोंगर काढते.

"इतलें थंड कित्याक?" त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं.
मी सांगितलं: लहान पंखाला साधा वारा दिला
तर तो लहानासारखाच वागतो.
वारा त्याला काकवीसारखा चिकट लागतो,
तो जे सांगतो ते मोठ्या विमानाच्या कामाचं नसतं.
बोगदा मोठा बांधावा तर वीज पुरत नाही,
वारा दाबून भरावा तर पंख वाकतो.
मग कुणाला तरी सुचलं, पन्नासेक वर्षांपूर्वी,
की वाऱ्यालाच गारठवावं.
द्रव नायट्रोजन फवारत राहायचा.
वारा दाट होतो आणि तरीही कमी चिकट,
आणि वीतभर पंखाला, अंगावरचा जोर न वाढता,
वाटू लागतं की आपण तीस मीटरचे आहोत.
"आमच्या पंचासारखो," कायतान म्हणाला
आणि परत घासायला लागला.

नायट्रोजन फोंडू गावस आणतो, कुर्टीहून,
त्याच पिकअपमधून, जिच्यातून
गुरांच्या दवाखान्याला जातो,
बैलांचं बीज गोठवून ठेवायला.
पंख बुडवला की
तव्यावर बांगडा पडल्यासारखा आवाज येतो
आणि पांढरं धुकं आमच्या चपलांवरून
दाराबाहेर, उन्हात जातं. तिथं संपतं.
पहिल्या बुडीला पितळेची एक पिन आखडली
आणि सुटून बादलीच्या तळाशी वाजली.
कायताननं त्या रात्री दुसरी केली. पंखाच्याच पोलादाची.
दोघांनी एकत्रच आखडायला हवं, म्हणाला,
नाहीतर संसार कसा टिकणार.

गारठलेल्या वाऱ्यात
पंखाला चिकटून वाहणारा थर इतका पातळ होतो
की एरवी लपलेला ओरखडाही उघडा पडतो.
शनिवारी सुईनं डोंगर काढले
एकामागे एक, सारख्या अंतरावर.
भिंगाखाली धरलं तर ते वळत होते.
अंगठा. कुणाचा तरी.
मी कायतानकडे पाहिलं.
तो काही बोलला नाही, फक्त हात पुढे केला.
चाळीस वर्षं पॉलिश करून
त्याच्या बोटांवर एकही रेष उरली नव्हती.
रेशनच्या दुकानातलं मशीन
दर महिन्याला त्याला सांगतं, हा माणूस तू नव्हेस.

अंगठा माझा होता.
पुसायला त्याला सगळा रविवार लागला.
चर्चला गेला नाही. मी जेवण नेलं,
खतखतं होतं. त्यानं ते हात न धुता खाल्लं नाही,
धुतले, तीनदा.

पेटी दाबोळीवरून गेली.
झुआरीवर विमान कलतं, तेव्हा
त्याच्या पोटात, फोममध्ये रुतून,
आमचा पंख हलत असेल
खऱ्या पंखांच्या मधोमध.

तीन आठवड्यांनी पत्र आलं.
आकडे चांगले. पंख चांगला.
फक्त एका स्क्रूच्या भोकापाशी
मोहरीएवढं दव गोठलेलं दिसलं,
कोरड्या बोगद्यात ते कुठून आलं
याचा आपण शोध घ्यावा.

मी दोनदा वाचून दाखवलं.
बाहेर वेर्ण्याची हवा, ओल्या टॉवेलासारखी.
कायतान खदखदून हसला.
"आमची हवा पावली म्हण थंय," म्हणाला,
आणि उजव्या पंखाचा कच्चा तुकडा
शिकंज्यात आवळू लागला.